वाट दाखवणारे दिवे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या शुभदिनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा मान समजते. मी काही वक्ती नव्हे. भजनाच्या बैठकीला बोलवा, उन्हाळ्यात सांडगे-कुरडया घालायला बोलवा, मी आनंदाने येते. पण ध्वनिक्षेपकापुढे उभे राहायचे म्हटले की माझे पाय लटपटतात. तसे मी चिटणीसबाईंना सांगूनही पाहिले. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडता, त्याचेच सांगा की!" तेव्हा माझा निरुपाय झाला.

मी पाच फोटो मोठे करून आणले आहेत. ते मागच्या टेबलावर मांडले आहेत. हळदीकुंकवाला उठाल तेव्हा जरूर पाहा. या पाच फोटोंचीच हकिगत मी सांगणार आहे. त्यांतला एक फोटो माझ्या कौतुकाचा आहे आणि एक माझ्या अपराधाचा. कोणता कोणता, ते ओघाने कळेलच.

कॅमेऱ्याचा नाद मला माहेरचा. वडिलांजवळ एक साधा बॉक्स कॅमेरा होता. एका रिळात मोजके फोटो निघत; म्हणून ते बटन दाबण्यापूर्वी इतका वेळ घेत की, उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. "फोटो माणसाचा काढायचा नसतो, त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा काढायचा असतो." कोल्हापूरच्या लेकीला हे नवे वाटायला नको. बाबूराव पेंटरांनी इथेच तयार केलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढला आणि 1920 साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या काळी ही किती धिटाईची गोष्ट होती! उजेड कसा पकडावा हे ज्या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळले, त्या गावच्या बाईने कॅमेरा हाती धरला तर नवल ते काय?

लग्नानंतर संसार, मुले, सासूबाईंचे आजारपण यांत वीस-बावीस वर्षे कॅमेरा कपाटात पडून राहिला. मुले मार्गी लागल्यावर थोरल्याने मला नवा, रिळाशिवायचा कॅमेरा आणून दिला. तेव्हापासून मी एकाच विषयाच्या मागे आहे. वाटसरूला वाट दाखवणारे दिवे! मग तो दिवा माणसाने लावलेला असो, देवापुढचा असो, की एखाद्या किड्याच्या पोटातला असो.

पहिला फोटो जोतिबाच्या डोंगराचा. आपल्यापैकी बहुतेकींनी चैत्र पौर्णिमेला हा डोंगर चढला असेल. वाडी रत्नागिरी हे गाव कोल्हापूरच्या वायव्येस, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच. सासनकाठ्या घेऊन लांबलांबच्या गावांहून मंडळी पायी येतात. माझ्या आजीचे माहेर असे पायी येणाऱ्यांपैकी. ती सांगे, "डोंगर दिसला की पाय दुखायचे थांबायचे." नकाशा नाही, पाटी नाही, क्षितिजावरचा तो ओळखीचा उंचवटा हीच त्यांची खूण. दिवसा डोंगर वाट दाखवी आणि रात्री वरचा दिवा.

देवळाच्या आवारातल्या दीपमाळा आपण पाहतो. दगडी खांब, आणि त्याला चोहोबाजूंनी पणत्या ठेवण्यासाठी काढलेले हात. आज आपण त्यांना देवळाची शोभा समजतो. पण सगळा मुलूख रात्री काळोखात बुडालेला असे, त्या काळचा विचार करा. त्रिपुरी पौर्णिमेला डोंगरावरची दीपमाळ पाजळली, म्हणजे कितीतरी कोसांवरच्या माणसाला देव कोणत्या दिशेला आहे हे घरबसल्या कळत असेल! मी हा फोटो खालच्या एका माळावरून पहाटे घेतला. डोंगर काळा आणि माथ्यावर एक पिवळा ठिपका. तो ठिपका शोधायला मला फार वेळ लागला; कारण आता मधल्या वस्त्यांचे, रस्त्यांचे आणि हॉटेलांचे शेकडो दिवे त्याच्याशी स्पर्धा करतात. आजीला जो दिवा आपसूक दिसे, तो मला भिंगातून हुडकावा लागला. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

उजेडाला मोकळी वाट लागते, हे आपल्याइतके कोणत्या गावाला ठाऊक असेल? अंबाबाईचा किरणोत्सव आपण दरवर्षी पाहतो. नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखांना, आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. बांधणाऱ्याने किती हिशेब केला असेल! आणि एवढे करूनही पश्चिमेला कुणी एक मजला वर चढवला किंवा आकाशात धूळ-ढग आले, की किरणे पायरीवरच थबकतात. तो शेकडो वर्षे नेमाने येणारा पाहुणा. पण आपण दारात अडगळ ठेवली तर तो तरी काय करणार? किरणोत्सवाचा फोटो मी काढत नाही. त्या वेळी हात जोडायचे, कॅमेरा जोडायचा नाही, असा माझा नेम आहे.

दुसरा फोटो दीपगृहाचा. आंबा घाट उतरून आम्ही उभयता रत्नागिरीला गेलो होतो. रत्नदुर्गाच्या टेकाडावर जे दीपगृह आहे, ते आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी थोडा वेळ लोकांना आतून पाहू देत. जिने चढता चढता माझे गुडघे बोलू लागले. पण वर पोचल्यावर जे पाहिले त्याने श्रम विसरले.

मला वाटले होते, वर एखादा प्रचंड दिवा असेल. दिवा त्या मानाने लहानच असतो, भगिनींनो! मोठी असते ती त्याच्याभोवतीची काच. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती युक्ती काढली आणि 1823 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँच्या दीपगृहात ती प्रथम बसवली गेली. एकच जाड भिंग घडवण्याऐवजी त्याने काचेची कडी एकाभोवती एक रचली. दिव्याचा जो उजेड छताकडे, जमिनीकडे वाया जाई, तो या कड्यांनी वळवून समुद्राकडे एका पट्ट्यात पाठवला. म्हणजे उजेड वाढवला नाही. जो होता तो विखरू दिला नाही. आपण बायका महिन्याचा पगार असाच पुरवतो, असे माझ्या मनात आले. यजमानांना बोलून दाखवले, तर ते नुसते हसले.

तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची तऱ्हा वेगळी असते. कुठे एक झोत आणि मग अंधार, कुठे लागोपाठ दोन-तीन झोत आणि मग अंधार. तो अंधार किती सेकंदांचा हेही ठरलेले. खलाशांजवळच्या पुस्तकात हे सगळे छापलेले असते. रात्री समुद्रावरून दिवा दिसला की खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि ओळखतो, हे रत्नागिरी, ते जयगड, ते देवगड. म्हणजे ओळख नुसत्या उजेडाने पटत नाही. दोन उजेडांच्या मधल्या अंधाराने पटते. दिवा सारखाच जळत राहिला, तर तो किनाऱ्यावरच्या इतर दिव्यांत हरवून जाईल.

आता माझा फोटो पाहा. समुद्रावर पसरलेला एक सुंदर पांढरा झोत त्यात दिसेल. लोक त्याचे फार कौतुक करतात. पण खरे सांगायचे तर, तो फोटो अर्धा खोटा आहे. मी कॅमेऱ्याची पापणी बराच वेळ उघडी ठेवली होती. त्यामुळे सारे झोत एकावर एक साचले आणि मधला अंधार नाहीसा झाला. ज्या अंधारावर खलाशी आपली नाव सोपवतो, तोच माझ्या फोटोत नाही! फोटो खोटे बोलत नाही म्हणतात. बोलतो हो, आणि फार गोड बोलतो. हे मी त्या दिवशी हसत हसत मनाशी म्हटले. पुढे रडायची पाळी येईल हे ठाऊक नव्हते.

तिसरा फोटो काजव्यांचा.

राधानगरीकडे माझ्या नणंदेचे सासर आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले, तो हा मुलूख. दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य 1958 साली जाहीर झाले, महाराष्ट्रातील ते पहिले. पुढे 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन ते साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर गेले आणि 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली. आपण तिकडे गवे पाहायला जातो. पण वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर, मे महिन्याच्या उत्तरार्धात, तिथे रात्री जे घडते त्यापुढे गव्यांचा रुबाबही फिका पडावा.

नणंदबाईंच्या शेतापलीकडे एक ओढा आहे. ओढ्याच्या काठी हिरडा, जांभूळ, साधडा अशी झाडे. त्यांतले एक साधड्याचे झाड त्या रात्री श्वास घेत होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. सगळे झाड एकदम उजळे आणि एकदम विझे. हजारो काजवे एका तालात! कुणी टाळ धरला नाही, कुणी मात्रा मोजली नाही. आम्ही बायका काठावर बसलो होतो. माझ्या नणंदबाई एरवी क्षणभर गप्प राहत नाहीत. त्या रात्री त्या अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत.

काजव्याविषयी थोडे सांगते. काजवा ही माशी नव्हे, तो भुंग्याच्या जातीचा, कठीण पंखांचा कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. हवेतला प्राणवायू त्याला मिळाला की ल्युसिफरेज नावाच्या विकराच्या मदतीने प्रकाश पडतो. हा प्रकाश थंड असतो. आपल्या जुन्या विजेच्या बल्बात बहुतेक वीज उष्णतेत वाया जाई. काजव्याकडे उधळपट्टी जवळजवळ नाहीच. आणि हा दिवा तो शोभेसाठी लावत नाही. नर उडत उडत खुणेचा प्रकाश देतो. मादी खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी असते. आपल्या जातीची लय दिसली तरच उत्तर द्यायचे! रत्नागिरीच्या दीपगृहात जे ऐकले तेच इथे. अंधाऱ्या समुद्रात नाव, तसा अंधाऱ्या रानात हा एवढासा प्रवासी. आणि त्याला घरी बोलावणारा दिवा म्हणजे त्याची होणारी सहचारिणी.

या दिव्याचे आयुष्य तरी किती? काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या पाचोळ्यात, मातीत राहते, गोगलगायी खाऊन वाढते. आणि पंख फुटल्यावर काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, सगळे संपते. तेवढ्यात भेट झाली तर पुढची पिढी, नाही तर नाही.

तर मी त्या झाडाचा फोटो काढला. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून वीस-वीस सेकंदांचे चाळीस फोटो काढले आणि घरी आल्यावर पुतण्याने संगणकावर ते सगळे एकावर एक रचले. झाड, ओढा, शेताचा बांध, सगळे सोन्याच्या ठिपक्यांनी भरून गेले! डोळ्यांना एका वेळी जेवढे काजवे दिसत, त्याच्या कितीतरी पट ते दिसू लागले. एका स्पर्धेत त्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. फोटोखाली मी हौसेने गावाचे नाव लिहिले, कोणत्या फाट्यावरून वळायचे तेही लिहिले. वाटले, आपल्या जिल्ह्याचे वैभव लोकांना कळू दे. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, असा तो फोटो मोबाईलवरून हातोहात गेला. मला रोज फोन येत. मी हुरळून गेले, हे कबूल करते.

पुढल्या वर्षी मी पुन्हा गेले. ओढ्याच्या अलीकडे मोटारींची रांग लागली होती. मोटारींचे दिवे सुरूच. मुले हातातल्या बॅटऱ्या झाडावर मारत होती. कुणी झाडाखाली उभे राहून झगझगाट करून आपलेच फोटो काढत होते. एका गाडीत गाणी लागली होती. माणसे पाचोळ्यातून, गवतातून वाटेल तशी हिंडत होती. आणि त्या गवतात माद्या बसलेल्या असतात, त्या मातीत अंडी घातली जातात, हे कुणाच्या गावीही नव्हते. जो तो एकच म्हणत होता, "फोटोत होते तेवढे कुठे आहेत?" कसे असतील? माझ्या फोटोत तेरा मिनिटांचा उजेड एका क्षणात कोंबलेला होता.

साधड्याच्या झाडावर तुरळक ठिपके होते. ताल नव्हता. ते झाड श्वास घेत नव्हते.

शेजारच्या शेतातल्या आजी बांधावर बसल्या होत्या. मी जवळ गेले. मला वाटले, ओळख दाखवतील, कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "तुमीच न्हवं का त्यो फोटू काडलेला?" मी हो म्हटले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, काजव्यास्नी अंधार लागतोय. तुमी एवढं दिवं घिऊन आलासा, आता त्येनी एकमेकाला हुडकायचं कसं?"

मी म्हटले, "आजी, मी दिवा नव्हता आणला हो."

त्या म्हणाल्या, "फोटू आनलासा की! त्यो बगूनच ही समदी आली."

भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. त्या रागाने बोलल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या सहज बोलल्या. कणीक सैल झाली म्हणावे तशा. त्यांचे नुकसान वेगळेच होते. काजवे झाडावर भरले की रोहिणीचा पेरा उरकायचा, मिरगाच्या आत भात मातीआड करायचे, हा त्यांच्या घरचा हिशेब. त्या रात्री त्यांच्या धूळवाफ पेरलेल्या वाफ्यातून दोन मोटारी वळवल्या गेल्या होत्या. चाकोऱ्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

मी दीपगृहाच्या माथ्यावर उभी राहून जे हसत म्हटले होते, ते तिथे आठवले. फोटो हाही एक दिवाच असतो. त्याला पाहून माणसे वाट धरतात. चुकीच्या जागी लावलेल्या दिव्याने नाव खडकावर जाते. माझ्या दिव्याने माणसांचा लोंढा त्या ओढ्यावर नेला. चौथा फोटो त्या रात्रीचा आहे. त्यात जवळजवळ काहीच नाही. काळे झाड आणि कोपऱ्यात मोटारीच्या दिव्याचा पांढरा फराटा. तो फोटो कुणी वाहवा करावी म्हणून ठेवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या घरी गेले. वाफ्याची भरपाई म्हणून पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र करून दिला. मी त्यांना वचन दिले की यापुढे कोणत्याही रानाचा फोटो दाखवताना ठिकाणाचे नाव सांगणार नाही. बक्षीस मिळालेल्या फोटोखालची ओळ मी जिथे जिथे शक्य होते तिथून काढायला लावली. पण सुटलेला बाण आणि सुटलेला फोटो परत येत नाही. आजही तुम्हांला मी गावाचे नाव सांगितले नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. कृपा करून हळदीकुंकवाच्या वेळी कानात विचारू नका!

आता पाचवा फोटो. तो एवढासाच आहे आणि त्यात कोणताही दिवा नाही. ओल्या वाळूवर बारीक नक्षी दिसते, जणू कुणी रांगोळीची रेघ मारता मारता पुढे गेले. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. मादी एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. आई नाही, सोबत नाही. त्यांना समुद्राची वाट कोण दाखवते? रात्रीच्या वेळी जमिनीपेक्षा समुद्रावरचे क्षितिज किंचित उजळ असते. तेवढ्या उजेडाकडे ती सरपटत जातात. लाखो वर्षे ही खूण चुकली नाही. आता किनाऱ्यावर विजेचा दिवा लागला, की पिल्ले उलटी फिरतात, गावाकडे चालू लागतात आणि वाटेतच मरतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन ही घरटी राखण्याचे काम सुरू केले. अंडी पूर्वी चोरीला जात. आता गावकरीच पहारा करतात आणि पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला पाहुणे येतात. पाहुणे येतात म्हणून गावात चार पैसेही येतात. पण पाहुण्याने दोरीच्या मागे उभे राहायचे, पिल्लाला हात लावायचा नाही, झगझगाटाचा फोटो काढायचा नाही. तिथे मी पाहिले की, लोक आले म्हणजे नाश झालाच पाहिजे असे नाही. नियम असला आणि तो सांगणारे माणूस गावचे असले, की पाहुणाही शहाणा होतो. मी पिल्लांचा फोटो काढलाच नाही. ती लाटेत गेल्यावर त्यांच्या पावलांचा काढला. माझ्या सगळ्या फोटोंत तो मला आवडतो. ज्याचा मघाशी कौतुकाचा म्हणून उल्लेख केला, तो हा.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंनी काळोखाचे एवढे गुणगान चालवले आहे, पण आपल्याच मंडळाने गल्लीत दिवे लागावेत म्हणून अर्ज केला होता की! बरोबर आहे. त्या अर्जावर माझीही सही आहे. संध्याकाळी शिकवणीहून येणारी मुलगी, रात्रपाळीहून येणारी परिचारिका, पहाटे दूध घालायला निघणारी बाई, यांच्या वाटेवर दिवा हवाच. काजव्यासाठी मुलींनी अंधारात चालावे, असे मी कधीही म्हणणार नाही. बाईलाही वाट दाखवणारा दिवा लागतो आणि तो मिळवायला आपल्याला झगडावे लागले आहे.

पण फ्रेनेलने काय केले ते आठवा. त्याने दिवा वाढवला नाही, उजेड जिथे हवा तिथे वळवला. आपल्या गल्लीतले दिवे वरून झाकलेले, खाली रस्त्यावर उजेड पाडणारे असले, तर मुलीची वाट उजळेल आणि आभाळही उजाड होणार नाही. रानाच्या कडेला तेवढे तीन-चार आठवडे जाहिरातीचे, हॉटेलांचे दिवे लवकर मालवले, तर कुणाचा धंदा बुडणार नाही. थंडीत आपल्या रंकाळ्यावर धोबी पक्षी येतात ते हिमालयाकडून. रात्री प्रवास करणारे पक्षी चांदण्यांवरून दिशा ओळखतात, हे स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1967 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले. त्याने पक्ष्यांना तारांगणात ठेवले आणि आभाळ फिरवून पाहिले; आभाळ फिरले तशी पक्ष्यांची दिशा फिरली. एवढ्या लांबून चांदणीच्या भरवशावर कुणी प्रवासाला निघत असेल, तर आपण आभाळ पुसून टाकू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आजकाल प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे, म्हणजे प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहे. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. रानात गेल्यावर मोबाईलचा झगझगाट आधी बंद करा. बॅटरी लागलीच तर तिच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद बांधा आणि ती पायापुरतीच धरा. मळलेली वाट सोडू नका. गवतात कुणाचा तरी संसार असतो. वनखात्याचा किंवा गावचा माणूस सोबत घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. फोटो काढण्याआधी अर्धा तास नुसते बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. पुष्कळदा असे होते की, अर्ध्या तासानंतर फोटो काढावासा वाटतच नाही. आणि काढलात, तर तो दाखवताना जागेचे नाव पोटात ठेवा. गुपित राखता येत नाही असा आपणा बायकांवर जुना आरोप आहे. तो खोटा पाडण्याची ही संधी समजा.

शेवटी एक विनंती. यंदाच्या सहलीसाठी कार्यकारिणी ठिकाण शोधते आहे असे कळले. मे महिन्यात राधानगरीकडे एक रात्र जावे, असे मी सुचवते. वनखाते ज्या जागी नेईल त्या जागी, त्यांच्या नियमाने. मोबाईल गाडीत ठेवून. फोटो एकीनेही काढायचा नाही, मीसुद्धा नाही. नणंदबाई कळवतात की, तीन वर्षे ओढ्याकडची वाट गावकऱ्यांनी काटे लावून बंद केली होती आणि गेल्या वर्षी साधड्याच्या झाडावर पुन्हा थोडाफार ताल धरला गेला. मी पाहायला गेले नाही. आजींनी बोलावले तर जाईन.

मघाशी सभेच्या आरंभी आपण समई लावली. अध्यक्षबाईंनी वात पुढे सारली, तेव्हा मागे बसलेल्या एका लहान मुलीने सभागृहाचे दिवे क्षणभर मालवले आणि समईचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडला. ते तिला कुणी सांगितले नव्हते. वडील म्हणत तो उजेड मला तिथे दिसला. कॅमेरा पिशवीत होता. मी तो काढला नाही.